पैनगंगेपलीकडचे अंबादास

हिंगोलीहून वाशीमला निघालो की कनेरगाव नाक्याजवळ पैनगंगा लागते. आता एस.टी. ती कधी ओलांडते हे डुलकी लागलेल्या माणसाला कळतही नाही. माझ्या आजोबांच्या तरुणपणी ती सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, हाली सिक्का आणि करोडगिरीचे नाके. पलीकडे वऱ्हाड, इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. त्या पलीकडच्या मुलखात, अकोल्यात, १९२२ साली अंबादास खोब्रागडे जन्मले. पुढे ते नुसते ‘अंबादास’ एवढीच सही करून चित्रकलेच्या जगात वावरले आणि २०१२ साली नॉर्वेत, ओस्लोला वारले. भारतातल्या पहिल्या पिढीच्या अमूर्त चित्रकारांत त्यांचे नाव घ्यावेच लागते. वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यातच होते, म्हणजे जुन्या हिशेबाने हा माणूस आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा. आमच्याकडे मात्र शंभरात एकालाही हे नाव ठाऊक नसेल. हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत मी सगळी नोकरी ड्रॉइंगचा मास्तर म्हणून काढली, तेव्हा हे मी अंदाजाने बोलत नाही.

सरहद्दीचा विषय उगाच काढला नाही. एकोणिसाव्या शतकात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. तो पगार थकत गेला, कर्जाचा डोंगर झाला आणि १८५३ साली निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. हिंगोलीसारख्या छावण्यांतल्या शिपायांच्या पगारापायी अकोला आमच्यापासून तुटले, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. पुढे अकोल्याच्या पोराने चित्र शिकायचे मनात आणले, तर त्याच्या डोळ्यांपुढे मुंबई होती. आमच्या पोराला आधी उर्दूतून वरचे शिक्षण, मग जमलेच तर हैदराबाद. गंमत अशी की जगातली सर्वांत नावाजलेली भित्तिचित्रे निजामाच्याच राज्यात, अजिंठ्याला होती. गुलाम याझदानी यांच्या पुरातत्त्व खात्याने ती मोठ्या देखण्या खंडांत छापून साऱ्या जगाला दाखवली. मराठवाड्यातल्या शाळकरी पोराच्या हातात मात्र ब्रश यायला पोलीस ॲक्शन होऊन पुष्कळ वर्षे जावी लागली.

माझ्या लहानपणी आमच्या घरात चित्र म्हणजे मुळगावकरांचे कॅलेंडर. वर्ष सरले तरी ते उतरत नसे, नवे त्याच्याच खिळ्यावर चढे. दिवाळी अंकावर दलालांची बाई. त्याखेरीज दसऱ्याच्या प्रदर्शनात पेंटर लोकांनी रंगवलेले पडदे. हिंगोलीचा दसरा मोठा, जुना, आसपासच्या पाच जिल्ह्यांतून माणूस येतो. ते पडदे बघत बघतच मी ए.टी.डी.ला, म्हणजे ड्रॉइंग मास्तरांच्या डिप्लोमाला, औरंगाबादला गेलो. तिथल्या ग्रंथालयात एका इंग्रजी मासिकात काळ्या-पांढऱ्या छपाईत अंबादासांचे एक चित्र पहिल्यांदा पाहिले. खाली नाव वाचून वाटले, हा कोणी आपल्याकडचा दिसतो. चित्रात काहीच नव्हते. म्हणजे माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसते ब्रशचे फटकारे, एकमेकांत वळत, एकमेकांवरून सरपटत गेलेले. पण त्यातली एक गोष्ट मी ओळखली. आई शेणाने अंगण सारवायची तेव्हा हाताची एक कमान उठायची, तिच्यात बोटांच्या बारीक रेघा, आणि त्या कमानीला चिकटून दुसरी कमान. अंबादासांचा ब्रश तसा चालला होता: प्रत्येक फटकाऱ्याच्या पोटात केसांनी काढलेल्या रेघा स्पष्ट, आणि कुठे सुरू झाला, कुठे दाब कमी झाला, कुठे हात उचलला, सगळे वाचता येत होते. आमचे सर म्हणाले, ‘हे परीक्षेला चालायचे नाही.’ त्यांचे खरेच होते. संकल्पचित्राच्या पेपरात पोस्टर कलर असा सपाट बसायला हवा की ब्रश फिरला आहे याची खूणसुद्धा राहू नये. मीही पुढे जन्मभर मुलांना तेच शिकवले: कडेपासून सुरू करा, रंग वाळू देऊ नका, एकाच दिशेने ओढा.

अंबादास आधी अहमदाबादला रविशंकर रावळ यांच्याकडे शिकले. रावळ म्हणजे गुजरातेतले कलागुरू, भारतीय परंपरेचा धागा धरून चालणारे. १९४७ मध्ये अंबादास मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, १९५२ मध्ये डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. आपल्याकडे अमूर्त चित्र म्हटले की ज्यांचे नाव पहिले येते ते वासुदेव गायतोंडे तिथूनच १९४८ साली डिप्लोमा झाले होते. गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, वाढले गिरगावात चाळीत. शंकर पळशीकर भंडाऱ्याकडच्या साकोलीचे. ही सगळी विदर्भाची नावे बघितली की मराठवाड्याचा माणूस जरा गप्प बसतो. आमचे कोणी त्या रांगेत नव्हते, कारण आम्ही त्या वेळी दुसऱ्या राज्यात होतो. गुणवत्तेचा प्रश्न नव्हता, हद्दीचा होता.

जे.जे.त तेव्हा जगन्नाथ अहिवासी भारतीय शैलीचा वर्ग घेत. लघुचित्रांची रेघ, सपाट रंग, बारीक ब्रश. गायतोंडे त्या वर्गात शिकले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांत बसोली आणि जैन पोथ्यांची सावली दिसते. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘अमूर्तवाल्यांना चित्र काढता येत नाही म्हणून ते रंग फासतात’ हे वाक्य मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकले आहे की आता राग येण्यापलीकडे गेलो. या लोकांचे हात कोणाही कॅलेंडरवाल्याच्या तोडीचे तयार होते.

डिप्लोमा तर झाला, खायचे काय? चित्र विकले जाण्याचा तो काळ नव्हता. इथे आपल्या कलेच्या इतिहासात एक कचेरी येते आणि तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. १९५० च्या दशकात हातमाग मंडळाने पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने वीव्हर्स सर्व्हिस सेंटरे काढली. विणकरांना नवे नमुने द्यायचे, तर ते काढणार कोण? चित्रकार. अंबादास तिथे नोकरीला लागले. नागावचे प्रभाकर बरवे १९६१ पासून वाराणसीच्या केंद्रावर होते, नंतर मुंबईच्या. के. जी. सुब्रमण्यन होते, रेड्डप्पा नायडू होते. एका पिढीचे कितीतरी चित्रकार साडीच्या पदरावर आणि किनारीवर जगले. सकाळी कचेरीत जायचे, कागदावर नक्षी काढायची, ती मागावर कशी उतरते ते विणकराजवळ उभे राहून बघायचे. धागा आडवा-उभा जाणार, त्याच्यात माणसाचे नाक-डोळे बसत नाहीत. बसतात त्या पट्ट्या, ठिपके, एका रंगाशेजारी दुसरा रंग. कोणत्याही कलासमीक्षकाने सांगण्याआधी या लोकांना रोजच्या पगाराच्या कामात कळले असणार की रंगाला आणि रेघेला उभे राहायला विषयाची गरज लागतेच असे नाही. हा माझा तर्क आहे. पण मी स्वतः आयुष्यभर संकल्पचित्र शिकवले आहे, आणि वर्गातला जो पोरगा नक्षीकामात रमतो त्याला अमूर्त चित्र पाहून दचकायला होत नाही. दचकतो तो स्मरणचित्रात पहिला येणारा. ‘आठवडी बाजार’ आणि ‘पाणवठा’ काढून काढून त्याचा हात बसलेला असतो, त्यात तो कोणाचे ऐकत नाही.

मराठीत अमूर्त चित्रांवर लेख वाचायला घ्या. पहिल्या परिच्छेदात मौन येते, दुसऱ्यात ध्यान, तिसऱ्यात झेन. गायतोंडे झेन वाचत, कृष्णमूर्ती वाचत, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराजांना मानत, सगळे खरे. कमी बोलत, एकटे राहत, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करत. पण मी ड्रॉइंग मास्तर असल्यामुळे माझी नजर आधी हत्याराकडे जाते. साठच्या दशकापासून त्यांच्या हातात ब्रशऐवजी रोलर आणि रंगसुरी आली. रोलर म्हणजे आपला भिंती रंगवणाऱ्याचा, छापखान्यातला. पातळ रंगाचे थर एकावर एक, मग ओल्या रंगावर वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा फाडलेला तुकडा ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. कागदाबरोबर काही रंग निघून येतो, खालचा थर डोकावतो. मुंबईला वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंड्यांच्या एका कॅनव्हाससमोर मी तासभर उभा होतो. समोरून ते नुसते धुके वाटते. भिंतीला टेकून तिरके बघितले की कळते, इथे रंग खरवडला आहे, इथे कागद उचलल्याची कड राहिली आहे, इथे थर जाड, इथे कापडाची वीण दिसण्याइतका पातळ. राखणदाराला माझे तसे चोरट्यासारखे बघणे आवडले नाही, हे वेगळे.

आमच्या औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. खालचा भाग यादवांच्या काळातला, काळ्या दगडात कोरलेला: हत्ती, नर्तिका, देव, सगळा गजबजाट. वरचा भाग नंतरचा, चुन्याचा, साधा. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असे सांगतात. दरवर्षी मी वर्ग घेऊन तिथे जाई. झाडून सगळी मुले खालचे हत्ती काढत. वरच्या साध्या भिंतीला कोणी हात लावत नसे, कागद तिथवर पोचायच्या आत संपे. याच देवळात विसोबा खेचरांनी नामदेवांना निर्गुणाचा धडा दिला, ही कथा आमच्याकडे लहान पोरही सांगते. नामदेवांची नर्सी इथून जवळच. एखाद्या व्याख्यानात वक्ता ही कथा उचलून थेट अमूर्त चित्राला जोडतो, टाळ्या मिळतात. मी नाही जोडत. नामदेवांचा प्रश्न देव कुठे आहे हा होता. चित्रकाराला दुपारी चार वाजता एवढेच बघायचे असते की खालचा थर वाळला की नाही.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये भावनगरला काही चित्रकार जमले. ज्या घरात जमले त्याचा क्रमांक १८९०, तेच गटाचे नाव ठेवले: ग्रुप १८९०. जे. स्वामिनाथन, जेराम पटेल, हिम्मत शहा, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट, राघव कनेरिया, एरिक बोवेन आणि आणखी काही; एकूण बारा जण, त्यात आपले अंबादास आणि एस. जी. निकम. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात दिल्लीला ललित कला अकादमीत प्रदर्शन भरले. उद्घाटनाला पंडित नेहरू, पुस्तिकेत मेक्सिकोचे राजदूत आणि कवी ओक्ताव्हिओ पाझ यांचा मजकूर. अकोल्याच्या माणसाच्या चित्राशेजारी पंतप्रधान उभे राहिले, आणि त्यानंतर गटाने दुसरे प्रदर्शन कधी भरवलेच नाही. एकच झाले, तेही आज साठ वर्षांनी लोक आठवतात. याच गटातले जेराम पटेल प्लायवूडवर ब्लो लॅम्पने जाळून चित्र करत. हिम्मत शहांनी कागद जाळून कोलाज केले. पुन्हा हत्यार बघा. बरव्यांनी पुढे कॅनव्हासवर एनॅमल पेंट वापरला, तोच जो हार्डवेअरच्या दुकानात दरवाज्या-खिडक्यांसाठी डब्यात मिळतो. त्यांची चित्रे पूर्ण अमूर्त नव्हेत, त्यांच्यात घड्याळ असते, पान असते, पिन असते. पण त्या वस्तू आपापल्या जागी अशा सुट्या, अधांतरी बसलेल्या असतात की त्यांचे वस्तूपण गळून जाते. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० मध्ये मौजेने काढले. चित्रकाराने चित्राविषयी मराठीत लिहिलेले इतके नेमके दुसरे पुस्तक मला माहीत नाही, आणि ड्रॉइंग शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते विकत घ्यावे असे माझे मत आहे.

हत्यारांवरून फिलिपिन्सचा चित्रकार फर्नांदो झोबेल आठवतो. त्याचा जन्म मनिलाचा, १९२४ चा, म्हणजे बरोबर गायतोंड्यांच्या वयाचा. घराणे अयाला, गडगंज श्रीमंत; शिक्षण हार्वर्डला. अमेरिकेत त्याने मार्क रॉथ्कोची चित्रे पाहिली आणि माणसे, देवळे, बाजार काढणे सोडून दिले. पण त्याला हवी होती लांब, केसाइतकी बारीक, न तुटणारी रेघ, आणि ब्रश ती देईना. मग त्याने इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पातळ तैलरंग भरला आणि कॅनव्हासवर ओढला. त्या मालिकेला त्याने ‘साएता’ नाव दिले. पैसा होता, त्याचा त्याने उपयोगही चांगला केला: मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठाला चित्रसंग्रह दिला, आणि स्पेनमध्ये कुएंका या गावी कड्यावर लोंबणाऱ्या जुन्या घरांत १९६६ साली अमूर्त चित्रांचे संग्रहालय उभे केले. १९८४ मध्ये तो रोमला वारला. गिरगावच्या चाळीतला एक, अयाला घराण्यातला एक. दोघेही रॉथ्कोजवळून गेले. गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. पण दोघांची चित्रे शेजारी ठेवा, गल्लत व्हायची नाही. सिरिंजने ओढलेली रेघ पळते. रोलरने बसवलेला थर जागचा हलत नाही.

सिरिंजची गोष्ट वाचल्यावर मी ती वर्गात करून पाहिली. गुरांच्या दवाखान्यातून जाड, नव्या सिरिंज मिळाल्या, सुया काढून टाकल्या, पोस्टर कलर पातळ केला. अर्ध्या तासात फरशी, बाक, गणवेश सगळे रंगले. पण एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली: हात थांबला की डाग पडतो, हात घाईत गेला की रेघ तुटते. म्हणजे रेघेत काढणाऱ्याची गती उतरते. हे फळ्यावर लिहून मला वीस वर्षांत समजावता आले नव्हते. दुसऱ्या दिवशी परत वस्तुचित्र: घडा, लिंबू, मागे घडी पडलेले कापड. सप्टेंबरात परीक्षा होती.

अंबादासांचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगता येते. पत्नी नॉर्वेजियन, १९७२ मध्ये ते ओस्लोला गेले आणि तिथेच राहिले. गटातले एरिक बोवेनही नॉर्वेतच स्थायिक झाले. त्याच वर्षी गायतोंडे मुंबई सोडून दिल्लीला, निजामुद्दीनला गच्चीवरच्या खोलीत राहायला गेले. ओस्लोला बर्फ, अंधार, सहा महिने ऊन नावाला. आणि हा माणूस अकोल्याचा, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. चित्र मात्र त्यांनी बदलले नाही. तोच वळणारा, पोटात रेघा घेऊन चाललेला ब्रश, चाळीस वर्षे. रंग तेवढे निवळत गेले, फटकारे जास्त मोकळे झाले. समीक्षक याला सातत्य म्हणतात. मला यात विणकर केंद्रातला नोकरदार दिसतो: एक नक्षी हातात बसली की तिच्या किती परी निघतात ते बघत राहायचे, कंटाळायचे नाही.

गायतोंड्यांना १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८४ मध्ये अपघातात पाठीला मार बसला, मोठा कॅनव्हास हाताळणे काही वर्षे बंद झाले, तेव्हा ते कागदावर शाईने छोटी छोटी चित्रे करत राहिले. २००१ मध्ये ते गेले. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटींना गेले आणि ज्यांनी त्यांचे नाव कधी ऐकले नव्हते त्यांनी ते पहिल्यांदा पेपरात वाचले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. आमच्या वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याने मला विचारले, ‘सर, २३ कोटीत नुसता पिवळा?’ त्याला रंग नीट कळतो. हळदीची ढेरी दुरून बघून ती सेलमची की गावरान, पॉलिश किती, हे तो सांगतो. मी म्हणालो, पिवळा किती प्रकारचा असतो हे तुमच्याइतके कोणाला कळणार? तो हसला, पण पटले नव्हते. लिलावाच्या आकड्याने चित्राची ओळख झाली की असेच होते. माणूस आधी पैसे मोजतो. अंबादासांच्या चित्रांभोवती असा गाजावाजा कधी झाला नाही. त्यात त्यांचे नुकसान झाले असेल. बघणाऱ्याचे नाही झाले.

कोणाला बघायचेच असेल तर सांगतो. परभणीहून देवगिरी एक्सप्रेस पकडावी, सी.एस.एम.टी.वरून काळा घोडा चालत गाठावा, वस्तुसंग्रहालयात निकल्सन दालन विचारावे. चित्रे आलटून पालटून लावतात, तेव्हा गायतोंडे बाहेर आहेत का हे आधी फोन करून विचारलेले बरे. अंबादासांसाठी दिल्लीला जावे, जयपूर हाउसमधल्या राष्ट्रीय कलादालनात. तिथेही आधी चौकशी करूनच निघावे. गेल्यावर समोर उभे राहून अर्थ शोधत बसू नये. कडेला जावे, डोके भिंतीकडे न्यावे, आणि ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला ते हुडकावे. राखणदार हटकेल. हटकू द्यावे.